भरून परत येणारी बाटली

२ फेब्रुवारी

आज यांच्या आतल्या कपड्यावर एक डाग सापडला. नखाएवढा, फिकट गुलाबी, कडेला जरासा गडद. दुसऱ्या कुणी पाहिला असता तर रंग लागला म्हणून सोडून दिला असता. पण माझं पोटच डागांवर चालतं. लॉन्ड्रीत मागच्या बाजूला लांब टेबल आहे, तिथे दिवसभर माझ्यापुढे डागच येतात. शाई, गंज, ग्रीस, लिपस्टिक. आणि रक्त. रक्ताला गरम पाणी लावायचं नाही, नाहीतर तो डाग कायमचा बसतो. मी गार पाण्यात धुतला आणि गेला. डाग गेला की मला नेहमी बरं वाटतं. आज वाटलं नाही.

यांना काही विचारलं नाही. विचारलं तर हे काहीतरी सांगतील, आणि ते काय असेल याचीच भीती वाटते.

चिऊला कॉलेजात ही डायरी बक्षीस मिळाली होती. "आई, मला नको, तूच लिही काहीतरी," म्हणून तिने माझ्या कपाटात टाकली. आज पहिल्यांदा उघडली. लेकीला हे सांगता येत नाही, ताईला सांगितलं तर ती लगेच रडायला लागेल. मग कागदालाच सांगते.

४ फेब्रुवारी

आमच्या बाथरूमचं दार पातळ आहे. चिऊ लहान होती तेव्हा हे आत गेले की ती बाहेरून ओरडायची, "बाबाचा पाऊस आला!" इतका मोठा आवाज यायचा. आम्ही सगळे हसायचो, हेसुद्धा आतून हसायचे.

आता हे आत गेले की आधी नळ सोडतात. आज मी दाराशी घडी घालायचे कपडे घेऊन बसले आणि नळाच्या आवाजाखालून ऐकलं. दोन थेंब. मग काही नाही. मग पुन्हा थोडंसं, आणि दात आवळून घेतलेला श्वास.

बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. मी म्हटलं, जळजळ होते का? तर म्हणाले थंडीने होतं कधीकधी. मग टॉवेल झटकत राहिले, कोरडाच होता तो.

७ फेब्रुवारी

हे टॉवर क्रेन चालवतात. उंच इमारती बांधताना जी लांब हाताची पिवळी क्रेन दिसते, तिच्या मानेशी एक काचेची केबिन असते. तिथे दिवसभर एकटे बसतात. खाली बँडमास्तर उभा असतो. तो खरा बँडमास्तर नव्हे. क्रेनला हातवाऱ्यांनी इशारे देणं हे त्याचं काम, आणि ते तो वरात पुढे निघाल्यासारखं करतो, म्हणून नाव पडलं. क्रेनला लिफ्ट नाही. लोखंडी शिडी, तीच चढायची, तीच उतरायची.

पूर्वी हे दुपारी जेवायला खाली यायचे. आता डबा वरच खातात. दिवसात एकदा चढणं, एकदा उतरणं. मला ते बरंच वाटतं, जितकी शिडी कमी तितकं चांगलं.

कारण उंट. उंट म्हणजे यांचा जोडीदार, समोरच्या क्रेनवरचा. इतका उंच की केबिनमध्ये वाकून बसायचा. ऑक्टोबरात भर दुपारी तो शिडीवरून पडला. दोन्ही क्रेन समोरासमोर, त्यामुळे यांनी आपल्या काचेतून पाहिलं. काम चालू असताना मधेच तो खाली का निघाला होता कुणास ठाऊक. फोरमन म्हणाला, घाईत होता. घरी येऊन हे त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मीही खणून काढलं नाही.

त्यानंतर कंपनीने केबिनमध्ये कॅमेरे बसवले. खाली ऑफिसात सेफ्टीची एक मुलगी दिवसभर स्क्रीनवर बघत असते, ऑपरेटरला झोप लागत नाही ना, चक्कर येत नाही ना. चिऊपेक्षा थोडीच मोठी असेल. मला तर तेव्हापासून धीर आला आहे. कुणीतरी यांच्यावर नजर ठेवून आहे.

आणि एक. उंट गेल्यापासून हे जास्तच मायाळू झालेत. सकाळी मी स्टीलची बाटली भरून देते, ती पूर्वी रिकामी यायची. आता भरूनच परत येते. येताना साइटवरच्या फिल्टरला भरून आणत असणार, मला घरी आल्यावर भरायला नको म्हणून. बोलून दाखवत नाहीत. यांचं प्रेम असंच, न बोलता ओझं उचलणारं.

११ फेब्रुवारी

पॅसेजमधली ट्यूब गेल्याला महिना होऊन गेला. इतक्या उंचावर टनाटनांची लोखंडं फिरवणारा माणूस, एक ट्यूब बदलत नाही. आज मीच स्टूल घेतलं. तर हे धावत आले आणि माझा घोटा धरला. असा घट्ट की मी म्हटलं, अहो सोडा, मी काय गच्चीवर चढलेय? सोडला नाही. ट्यूब बसली, मी उतरले, तरी क्षणभर हात तसाच. घोट्यावर बोटांचे वळ उठले. वर मला म्हणतात, "वजन वाढलंय तुझं, स्टूल डुगडुगत होतं." मी चिडले. चिऊ हसत होती.

१५ फेब्रुवारी

शेवटी डॉक्टरबाईंकडे नेलं. दोन दिवस लघवीला लाल छटा होती, असं यांनी मला नाही, डॉक्टरबाईंनाच सांगितलं. मी बाजूलाच बसले होते. चेहरा सरळ ठेवला.

तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. मी म्हटलं, चला, एवढंच ना. बायकांना तर सारखा होतो. डॉक्टरबाई मान हलवत म्हणाल्या, "बायकांचं वेगळं. पुरुषाचा लघवीचा मार्ग लांब असतो, जंतू सहसा वर पोचत नाहीत. त्यामुळे पुरुषाला झाला की नुसतं औषध देऊन चालत नाही, कारण शोधावं लागतं."

मग कारणांची उजळणी झाली. प्रोस्टेटची गाठ वाढली की पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, आत उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. मुतखडा. शुगर. कधी नळी घातली असेल तर. पाणी कमी पिणं, तासन्‌तास रोखून धरणं. यांनी प्रत्येकाला नाही म्हणून मान हलवली. पाणी? भरपूर. रोखून? छे, साइटवर सोय आहे. आणि सोय खरंच आहे, मी लांबून पाहिली आहे, शिडीच्या पायथ्याशीच पत्र्याची खोली.

मग डॉक्टरबाईंनी मला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर बाकावर बसून मी भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र पाहत होते. आत काय विचारत असतील ते मला कळत होतं. बाहेर येताना हे माझ्याकडे न बघता पुढे चालू लागले.

१६ फेब्रुवारी

ताईला फोन केला. सांगणार नव्हते, तरी सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, बायकोला बाहेर बसवून काय विचारतात ते मला माहीत आहे, आमच्या शेजारच्यांचं असंच निघालं होतं. मग म्हणाली तू मनाला लावून घेऊ नकोस. आधी लावायचं आणि मग लावून घेऊ नकोस म्हणायचं, ही ताईची जुनी खोड.

मन चिंती ते वैरी न चिंती. आज लॉन्ड्रीत एका शर्टाच्या कॉलरवरची लिपस्टिक काढायच्या आधी मी शर्टाचं माप पाहिलं. तो यांचा शर्ट नव्हता, यांच्या मापाचाही नव्हता.

ऑक्टोबरपासून आम्ही जवळ आलेलो नाही. मला वाटायचं दुःख आहे, वेळ जाऊ दे. आता वाटतं दुःखच होतं कशावरून? आणि मग वाटतं, दुसरी बाई असली तर निदान हे जिवंत तरी राहतील. प्रोस्टेटच्या गाठीचं दुसरं नाव मी मनातसुद्धा घेत नाही. दोन भीतींपैकी कुठली परवडेल ते निवडत बसले आहे. काय बाई झालंय मला.

२१ फेब्रुवारी

सोनोग्राफी. पिशवी भरलेली लागते म्हणून सकाळपासून पाणी प्यायला लावलं. आमच्या आधीचे दोघे जण कळवळत चकरा मारत होते, नर्सच्या पाया पडायचे बाकी होते. हे शांत बसून होते. नंबर यायला खूप उशीर झाला तरी शांत. आतल्या डॉक्टरने मशीनच्या पडद्यावर बघून विचारलं, "काका, तुम्हाला लागली नाही?" हे म्हणाले, लागलीय, पण घाई नाही. तो हसला, "तुमची पिशवी म्हणजे धरण आहे." मीही हसले. मला जरा अभिमानच वाटला, माझा माणूस सोशिक आहे.

गाठ वाढलेली नाही. खडा नाही. शुगर नाही. रिकामी केल्यावरही पिशवीत थोडं शिल्लक राहतं, एवढंच लिहिलं आहे. ताणून सैल पडल्यासारखी दिसते म्हणाले. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, खरंच रोखून धरत नाही ना? नाही, म्हणाले.

म्हणजे कारण नाही. लोक रिपोर्ट चांगला आला की पेढे वाटतात. मला मात्र जास्त भीती वाटू लागली आहे. दिसणाऱ्या डागावर औषध असतं. न दिसणाऱ्यावर काय ओतायचं?

१ मार्च

जळजळ थांबली. चेहऱ्यावर रंग आला. गोळ्या सकाळ, दुपार, रात्र, आणि प्रत्येक गोळीवर पेलाभर पाणी. आज डबा धुताना पिशवीच्या कप्प्यात पुडी सापडली. दुपारच्या गोळ्या जवळजवळ सगळ्याच शिल्लक. विचारलं तर म्हणाले, जेवल्यावर विसरतो. मी म्हटलं, बँडमास्तरला सांगते खालून इशारा करायला, एक हात तोंडाकडे, गोळी. हसले. इतक्या दिवसांनी हसले म्हणून मी रागवायचं सोडून दिलं.

बाटली आजही भरून आणली होती.

चहा सोडलाय त्यांनी. सकाळचासुद्धा. ॲसिडिटी म्हणतात.

८ मार्च

आज लॉन्ड्रीत उंटाची बायको आली. त्याचं कामावरचं जाकीट घेऊन. इतके महिने तिने ते तसंच खुंटीला ठेवलं होतं. मी तिला आत टेबलापाशी बसवलं.

जाकिटाच्या छातीवर मोठा तपकिरी डाग होता. तिने त्यावर बोट ठेवलं. "एवढा काढ," म्हणाली. "चहाचा आहे."

मग आपणहून सांगू लागली. त्या दिवशी थंड वारा होता म्हणून तिने मोठा थर्मास भरून दिला होता. वरचं झाकण त्याने वाटेत नीट लावलं नव्हतं म्हणून थोडा सांडला, बाकीचा सगळा प्यायला. थर्मास रिकामा सापडला केबिनमध्ये, हे जाकीटही तिथेच. "मी एवढा चहा दिला नसता तर मधेच उतरला नसता," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत निभावलं असतं."

मी तिचा हात धरला. म्हटलं, वेडी आहेस, चहाने कोणी मरतं का? दुःखात माणूस कुठलाही धागा ओढत बसतो. तिला समजावून पाठवलं आणि डाग काढला. चहाचा जुना डाग सोपा नसतो. पूर्ण गेला.

घरी आल्यावर यांना सांगितलं, उंटाची बायको आली होती, बिचारी चहाला दोष देत होती. यांनी ताट पुढे सारलं. जेवणार नाही म्हणाले. माझंच चुकलं, जेवताना विषय काढायला नको होता.

१३ मार्च

पुन्हा जळजळ. या वेळी पाठीत दुखतं, उजवीकडे, बरगडीच्या खाली. हात लावू देत नाहीत. लघवीला उग्र वास. मी म्हटलं उद्याच डॉक्टरांकडे जाऊ. म्हणाले, परवा स्लॅब आहे, उद्या तयारी, त्यानंतर जाऊ. स्लॅबच्या दिवशी क्रेन थांबली तर अख्खं काँक्रीट वाया जातं, एवढं मलाही कळतं. पण आजार अंगावर काढायचा तो किती.

ताई म्हणते, देवाला काळजी. मी म्हटलं, त्याला असेल, पण शिडी हे चढतात.

१५ मार्च

सकाळी अंग गरम लागलं. थर्मामीटर लावू दिला नाही. बाटली भरून दिली, दाराशी म्हटलं, आज तरी दुपारी खाली उतरा, सावलीत बसून जेवा. यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगतील असं वाटलं. मग बुटांची नाडी बांधू लागले, बांधलेलीच होती ती.

१८ मार्च

आज लिहिता येतंय. दवाखान्यात, यांच्या खाटेशेजारी. सलाइनमधून औषध चालू आहे. संसर्ग वर चढून मूत्रपिंडात गेला होता. ताप उतरला आहे. पंधरा तारखेचं लिहून ठेवते, नाहीतर मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

दुपारी बँडमास्तरचा फोन आला. तो नेहमी फोनवरसुद्धा ओरडून बोलतो. त्या दिवशी हळू बोलला, तेव्हाच मी हातातला कपडा खाली ठेवला. वहिनी, या म्हणाला. दादा बरे आहेत, पण या.

मी तशीच ॲप्रनवर गेले. बँडमास्तरने सांगितलं ते असं. सळयांचा भारा हवेत होता, खाली माणसं, आणि भारा थरथरायला लागला. वारा तर नव्हता. त्याने वर पाहिलं. मग वॉकी-टॉकीवर यांचा आवाज आला, "माणसं हटव." एवढंच. माणसं हटली. भारा हळूहळू, एकदाही न आपटता जमिनीला लागला. हुडहुडी भरलेल्या हातांनी ठेवला यांनी तो. मग क्रेन बंद केली आणि बोलायचं थांबले. उतरा म्हटलं तर उत्तर नाही. दोन जण पट्टे बांधून वर जायला निघाले, तर वॉकीवर म्हणाले, कुणी शिडीवर पाऊल ठेवायचं नाही.

फोरमन म्हणत होता, ताप डोक्यात गेला. सेफ्टीची मुलगी ऑफिसातून धावत आली होती, तिच्या डोळ्यांत पाणी. स्क्रीनवर दिसतंय म्हणाली, काका पोट धरून वाकून बसलेत.

बँडमास्तरने वॉकी माझ्या हातात दिला. मी वर पाहिलं. इतक्या वर्षांत त्या शिडीच्या अगदी पायथ्याशी मी कधी उभी राहिले नव्हते. खालून ती वर जाताना दिसते आणि मग दिसेनाशी होते. शेजारी ती पत्र्याची खोली, दार उघडं, आत कोरडं. आणि काही पावलांवर, समोरच्या क्रेनच्या शिडीखाली, जमिनीवर थोडी वाळू टाकलेली, उंटाच्या जागी.

मला एकदम घोटा आठवला. बोटांचे वळ. आणि त्याबरोबर सगळंच वर आलं, पाण्यात टाकल्यावर लपलेला डाग वर यावा तसं. थर्मास. भरलेली बाटली. दुपारच्या गोळ्या. धरण म्हणून मी हसले होते ते.

बटण दाबलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "अहो, मी आहे. तुम्हाला लघवीला लागली आहे का?"

आजूबाजूला माणसं होती. कुणी हसलं नाही.

बराच वेळ खरखर. मग म्हणाले, "हो."

"सकाळपासून?"

"हो."

"रोजच?"

मग म्हणाले, "शिडीकडे बघितलं की तो दिसतो गं. सकाळी चढताना डोळे मिटून चढतो. संध्याकाळी अंधुक झालं की उतरतो. मधे नाही जमत. दिवसाउजेडी नाही जमत."

मी मागे सरत खाली बसले. उंटाच्या वाळूवर बसले ते नंतर कळलं. म्हटलं, मग वरच का नाही करत, बाकीचे करतात तसं, बाटली ठेवून? उंटसुद्धा पूर्वी करायचा, बँडमास्तर शेजारून म्हणाला, मग साहेब लोक वर तपासायला येऊ लागले, तेव्हापासून सोडलं त्याने. यांचं उत्तर हळू आलं. "वर ती पोरगी बघते ना. चिऊएवढी आहे."

सेफ्टीच्या मुलीने तोंडावर हात ठेवला. ती पळत ऑफिसात गेली. परत आली ती हातात एक तुटकी वायर घेऊन. कॅमेरा रीतसर बंद कसा करायचा ते तिला माहीत नसणार, किंवा तेवढा धीर नसणार. तिने माझ्या हातातला वॉकी घेतला आणि म्हणाली, "काका, मी बघत नाहीये. कोणीच बघत नाहीये."

मी वॉकी परत घेतला. "बाटलीतलं पाणी आधी थोडं प्या," म्हटलं. "मग उरलेलं ओता, आणि तिच्यात करा."

"तुझ्या बाटलीत?"

"माझ्याच बाटलीत. मी डागवाली बाई आहे, मला काय धुवायचं शिकवता?"

वर, केबिनच्या खिडकीतून पाणी पडलं. उन्हात चमकत, वाऱ्याने फाटत खाली येईपर्यंत त्याचे नुसते तुषार झाले. इतक्या महिन्यांचं पाणी मी त्या माणसाला भरून देत होते आणि तो ते उचलून वर नेत होता, उचलून खाली आणत होता. मी त्याला प्रेम म्हणत होते. होतंच कदाचित. पण ते ओझं कुणासाठी होतं, ते मी विचारलं नाही.

मग आम्ही सगळे पाठ करून उभे राहिलो. फोरमन, सळईवाले, बँडमास्तर, सगळे. तेवढ्या उंचीवरचं कोणाला काय दिसणार होतं? तरी पाठ केली.

दोघे जण वर गेले. एकाने यांच्या खाली राहायचं, एकाने वर, मधे हे, पट्टा बांधून. मी वॉकीवर बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. चिऊची फी, नाही, चिऊची परीक्षा, ताईचा फोन, पॅसेजमधली ट्यूब पुन्हा फडफडते ते. मधे एकदा हे थांबले. पाय हलेना. मी म्हटलं, घोटा धरलाय मी तुमचा, माझ्यासारखंच वजन वाढलंय तुमचं. खालच्या माणसाने खरंच यांच्या घोट्यावर हात ठेवला होता, असं नंतर कळलं.

जमिनीवर पाय टेकल्यावर यांनी मला मिठी वगैरे मारली नाही. बाटली पट्ट्याला अडकवून आणली होती. ती माझ्या हातात दिली, घट्ट झाकण लावून. गरम होती.

२० मार्च

डॉक्टरबाई भेटायला आल्या. खुर्ची ओढून यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, मी तुम्हाला विचारलं होतं. हे म्हणाले, हो. त्या म्हणाल्या, पण मी दोन्ही वेळा नुसतं हो की नाही विचारलं, तुमचा दिवस कसा जातो ते विचारायला हवं होतं. मग माझ्याकडेही त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या दिवशी बाहेर का बसवलं ते सांगितलं: सगळ्याच पुरुषांना विचारावं लागतं, यांनी सांगितलं होतं की बायकोला त्रास होईल असं मी काही केलेलं नाही. मी मान खाली घातली. ताईच्या शेजाऱ्यांची गोष्ट ऐकून ज्या माणसाला मी मनातल्या मनात दुसरीकडे पाठवलं होतं, तो तेव्हा केबिनमध्ये पोट धरून बसला होता.

पाणी, वेळच्या वेळी जाणं, सैल पडलेल्या पिशवीला हळूहळू वळण लावणं. गोळ्या पूर्ण. आणि शिडीसाठी वेगळे डॉक्टर, बोलायचे. हे म्हणाले, बोलून काय होणार? डॉक्टरबाई म्हणाल्या, न बोलून काय झालं ते पाहिलंत.

५ एप्रिल

आज हे कामावर गेले. वर नाही. खाली, बँडमास्तरच्या शेजारी, इशारे शिकायला. बँडमास्तर म्हणतो, दादांचे हात इशारे करताना वरणभात कालवल्यासारखे हलतात. पुन्हा वर जाणार का, ते कुणी विचारत नाही. मीही नाही. रात्री झोपेत अजून यांचे हात घट्ट मिटतात. माझी भीती गेलेली नाही, तिने फक्त जागा बदलली आहे.

गेल्या आठवड्यात हे उंटाच्या बायकोकडे जाऊन आले. काय बोलले ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, तिच्याकडे चहा प्यालो. दोन कप.

नवी बाटली घेतली आहे. जुनी मी धुतली, उकळली, चारदा. तरी पाणी भरवेना. ती खिडकीत ठेवली आहे, टाकवतही नाही.

संध्याकाळी नवी बाटली हातात घेतली. रिकामी. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी झाकण उघडून आत पाहिलं, वास घेतला, यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वाटेत कुठे ओतून तर नाही दिली? इतके दिवस भरलेल्या बाटलीवर मी विश्वास ठेवला, आता रिकामीवर ठेवता येत नाही.

यांना कळलं. बाथरूममध्ये गेले. नळ सोडला नाही. दार पुरतं लावलंही नाही.

मी पॅसेजमध्ये उभी होते, हातात बाटली. आधी थोडंसं. मग थांबलं, माझा श्वासही थांबला. मग सलग, न अडखळता, किती तरी वेळ.

"ऐकलंस?" आतून म्हणाले. "की परत करून दाखवू?"

खोलीतून चिऊ ओरडली, "बाबाचा पाऊस आला!"

मी हसले नाही. भिंतीला टेकून आवाज थांबेपर्यंत ऐकत राहिले.